रुसवा, अबोला आणि सत्ता

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेत बडा फुहारा आणि कमानिया गेट ही दोन ठिकाणे जवळजवळ आहेत. कमानिया गेट हे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक. फुहारा हा त्या पेठेतील रहदारीचा मध्य. अशा चौकाची एक स्वतःची भाषा असते. तेथे मोठ्याने बोलावे लागते, घोषणा द्यावी लागते, घासाघीस करावी लागते. हळू बोलणाऱ्याचे तेथे कोणी ऐकत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही चौकाची भाषा ज्या लेखकांनी साहित्यात आणली, त्यांत याच शहरात संसार थाटलेल्या सुभद्राकुमारी चौहान यांचे नाव अग्रभागी येते. 'झाँसी की रानी' ही त्यांची कविता मुळातच चौकात म्हणण्याची आहे. बुंदेलखंडातील गाणाऱ्या हरबोल्यांच्या तोंडून ऐकलेली कथा म्हणून ती सांगितली जाते आणि तिचा स्वर कोठेही खाली येत नाही. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात नागपुरास अटक झालेल्या पहिल्या स्त्री-सत्याग्रही म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. मध्यप्रांताची राजधानी तेव्हा नागपूर होती, विदर्भ आणि महाकोशल एकाच कारभाराखाली नांदत होते. त्यामुळे हे नाव मराठी वाचकाला परके नाही.

याच लेखणीने काही लहान कविता लिहिल्या आहेत. त्यांत शत्रू नाही, झेंडा नाही, चौक नाही. त्यांत आहे तो बोलणे टाकलेला एक प्रियकर आणि त्याने बोलावे म्हणून चाललेली एका स्त्रीची आर्जवे. साम्राज्यापुढे जो स्वर झुकत नाही तो घरात इतका का झुकतो, हा प्रश्न या कविता वाचताना टाळता येत नाही. त्याची दोन उत्तरे सहज सुचतात. एक असे की, हा व्यक्तिमत्त्वातील विरोध आहे: बाहेर वीरांगना, घरात पतिव्रता. दुसरे असे की, हा केवळ शृंगारकाव्याचा संकेत आहे आणि संकेतातून जीवनाचे अनुमान करणे चूक आहे. दुसऱ्या उत्तरात तथ्य आहे. लक्ष्मणसिंह चौहान हे स्वतः नाटककार होते, पत्रकार होते, राष्ट्रीय चळवळीत पत्नीच्या बरोबरीने होते. कवितेतील 'तो' म्हणजे तेच, असे समजण्याचा अधिकार वाचकाला नाही. तथापि संकेत म्हटला म्हणून चौकशी संपत नाही. संकेत कोणी घडवला, त्यात कोणाला काय करण्याची मुभा आहे आणि कोणाला नाही, हे पाहिले की प्रणयकलहाचा विषय शृंगाराइतकाच सत्तेचाही आहे, हे ध्यानात येते.

संस्कृत साहित्यशास्त्राला ही गोष्ट अगदीच अज्ञात नव्हती. विप्रलंभ शृंगाराचा एक प्रकार म्हणून शास्त्रकारांनी 'मान' सांगितला आणि त्याचे प्रणयमान व ईर्ष्यामान असे दोन भेद केले. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त प्रणयमान दोघांनाही शक्य मानला आहे. ईर्ष्यामान मात्र स्त्रियांचा. पुरुषाने अन्यत्र आसक्त व्हावे आणि स्त्रीने रुसावे, ही वाटणी येथे गृहीत आहे. पुरुषाला मत्सर वाटला तर तो 'मान' होत नाही; तो शृंगाराच्या हद्दीबाहेर जातो. कोठे जातो, हे शास्त्र सांगत नाही. अष्टनायिकांतील कलहांतरिता ही भांडून प्रियकराला घालवते आणि मग पश्चात्तापाने जळते. त्या पश्चात्तापाचा भागीदार असा 'कलहांतरित' नायक शास्त्राच्या यादीत स्थान मिळवू शकला नाही.

त्याहून अधिक बोलका आहे तो मानभंगाच्या उपायांचा विचार. धनंजयाच्या 'दशरूपका'त आणि पुढे 'साहित्यदर्पणा'त हे उपाय सहा सांगितले आहेत: साम, भेद, दान, नति, उपेक्षा आणि रसांतर. यांतील पहिली तीन नावे शृंगारशास्त्राची नव्हेत; ती राजनीतीची आहेत. साम, दान, भेद आणि दंड ही राजाची चतुःसूत्री. प्रेमिकांच्या भांडणाचा विचार करताना शास्त्रकाराला राज्यशास्त्राची परिभाषा जवळची वाटली, ही कबुली महत्त्वाची आहे. परंतु ती परिभाषा उचलताना त्याने चौथा शब्द मागे ठेवला. दंडाच्या जागी नति आली, म्हणजे पाया पडणे, उपेक्षा आली, मन दुसरीकडे वळवणारे रसांतर आले. शृंगाराच्या राज्यात दंड नाही, असे शास्त्राने ठरवून टाकले. ते काव्यापुरते सुंदर आहे. ज्याच्या हाती दंड आहे त्याने तो तात्पुरता खाली ठेवून नायिकेच्या पाया पडावे, हा या खेळाचा नियम. खेळात दंड दिसत नाही. पण तो कोणाच्या हाती असतो, हे खेळणाऱ्या दोघांनाही ठाऊक असते.

दोघांचे बळ खरोखरच समान असेल तेव्हा काय होते, याचे चित्र महाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती'त सापडते. तेथील एका गाथेत रुसलेले जोडपे झोपेचे सोंग घेऊन पडले आहे आणि श्वासही न सोडता एकमेकांचा कानोसा घेत आहे. कवी त्यांचा न्याय करत नाही; या कुस्तीत पहिलवान कोण, एवढेच तो कौतुकाने विचारतो. कुस्तीची ही उपमा सहज आलेली नाही. कुस्तीला जोड लागते. वजनात फार अंतर असेल तर तिला कुस्ती म्हणत नाहीत. गाथेतील मौन गोड वाटते याचे कारण ते दोन्ही बाजूंनी धरलेले आहे आणि दोघांनाही ते सारखेच महाग पडत आहे.

मराठी भाषेने या बाबतीत एक सूक्ष्म भेद जपून ठेवला आहे, आणि हिंदीतून मराठीत भाषांतर करणाऱ्याला त्याची जाणीव विशेष होते. 'रूठना' या क्रियापदासाठी मराठीत 'रुसणे' हा शब्द तयार आहे. पण त्याच्या शेजारी 'अबोला' आहे, आणि दोहोंचा व्याकरणातील संसार वेगळा आहे. रुसवा काढता येतो. तो दुसऱ्याने काढायचा असतो. अबोला दुसऱ्याला काढता येत नाही. ज्याने धरला त्यानेच तो सोडावा लागतो. रुसणारा माणूस समजूत घालण्याची वाट पाहत असतो, म्हणजेच सूत्रे त्याने समोरच्याच्या हाती दिलेली असतात. अबोला धरणारा ती स्वतःकडे ठेवतो. रुसवा ही मागणी आहे, अबोला हा निकाल आहे. मूल रुसते, नवी सून रुसते, दिवाळसणाला जावई रुसतो, आणि या सर्वांच्या रुसण्याला एक मान्य मुदत असते. अबोल्याला मुदत नसते.

हा भेद मनाशी ठेवून सुभद्राकुमारींची 'प्रियतम से' ही कविता वाचली की तिचा अर्थ बदलतो. वरवर पाहता तेथे एक रुसलेला प्रियकर आणि त्याची समजूत घालणारी प्रेयसी आहे. परंतु परिस्थिती अबोल्याची आहे. ती त्याच्याकडे प्रेम मागत नाही. प्रेम नसले तरी चालेल, बोलत जा, एवढीच तिची मागणी आहे. ही मागणी फार खाली उतरलेली आहे, आणि तिच्या खाली उतरण्यातच कवितेचे मर्म आहे. ज्याचा अबोला आहे त्याच्याशी वाटाघाट करताना दुबळ्या बाजूला आपली किंमत आधी कमी करून घ्यावी लागते. सर्व चुका ती आपल्या नावावर घेते आणि सर्व दयाळूपणा त्याच्या नावावर लिहिते. कोणती चूक, हे कवितेत कोठेच येत नाही. ते येणे आवश्यकही नाही, कारण अबोल्याच्या न्यायालयात आरोपपत्र दिले जात नाही. शिक्षा भोगणाऱ्यानेच आपला गुन्हा शोधून काढायचा असतो.

येथे शास्त्रातील भूमिकांची अदलाबदल झाली आहे, हेही पाहिले पाहिजे. मान धरून बसला आहे तो पुरुष, आणि नति करते आहे ती स्त्री. नायिकेच्या पाया पडणाऱ्या नायकाचे दृश्य रसिकांना शतकानुशतके मोहक वाटत आले, कारण तेथे झुकणारा मुळात वरचढ असतो. त्याचे झुकणे हे त्याच्या औदार्याचे लक्षण ठरते. तीच नति स्त्रीने केली की ती औदार्य ठरत नाही, कर्तव्य ठरते. कवयित्रीला हे कळले असावे असे मानण्यास कवितेतच आधार आहे. आपल्या दोषांची आणि त्याच्या गुणांची जी टोकाची वाटणी ती करते, ती इतकी नीटनेटकी आहे की तिच्यात किंचित थट्टा ऐकू येते. लहानसहान गोष्टींवरून रुसणाऱ्या मानी माणसाला अशा अतिशयोक्तीने लाजवता येते. शरणागती पूर्ण करून टाकणे हा शरण घेणाऱ्याला अडचणीत आणण्याचा एक मार्ग असतो. कविता या दोन अर्थांमध्ये तोल सांभाळून उभी आहे. केवळ समर्पण वाचणारा वाचक आणि केवळ उपरोध वाचणारा वाचक, दोघेही तिचा अर्धा भाग गमावतात.

'मानिनि राधे' या कवितेत हा तोल मुद्दामच सोडून दिला आहे. लहानपणापासून राधेला आदर्श मानणारी एक स्त्री आपल्या आदर्शालाच प्रश्न विचारते. तिलाही तिचा कृष्ण मिळाला; पण त्याने दुसऱ्या कोणावर थोडासा स्नेह दाखवला की ती नखशिखांत जळते, अन्नपाणी गोड लागत नाही, जिच्यावर त्याचे मन जाईल तिच्याविषयी मनात हिंसक विचार उठतात. मग राधेने हे सारे सोसून आपली भक्ती कशी अढळ ठेवली? कवितेच्या शेवटी शांती मिळत नाही. आदर्श समोर असूनही भाव बदलत नाहीत, असेच ती सांगते. शास्त्रातील ईर्ष्यामान येथे आपले सर्व अलंकार उतरवून आला आहे. आधुनिक भारतीय काव्यात स्त्रीच्या मत्सराची इतकी सरळ कबुली त्या काळात सहसा आढळत नाही. मात्र एक गोष्ट वाचकाच्या नजरेतून सुटू नये. हा सगळा संताप त्या दुसऱ्या स्त्रीकडे वळतो, आणि प्रश्न राधेला विचारला जातो. ज्याच्यामुळे हे घडले त्याला एक शब्दही नाही. क्रोधाला भाषा मिळाली, पण त्याच्या खऱ्या पत्त्यावर जाण्याची परवानगी अजून मिळालेली नाही.

शृंगारशास्त्राने मागे ठेवलेला चौथा शब्द सुभद्राकुमारींच्या कथेत परत येतो. १९३२ च्या 'बिखरे मोती' या संग्रहातील 'होली' ही कथा अगदी लहान आहे. करुणा ही जुगारी नवऱ्याची बायको. सणाला रंग खेळण्याचे नरेशचे आमंत्रण ती नाकारते. नवरा जिंकलेले पैसे घेऊन येतो, ते पैसे ती आनंदाने स्वीकारत नाही, आणि तिच्या थंडपणाचे उत्तर तो हाताने देतो. तिचे वस्त्र रक्ताने भिजते. नरेश येतो तेव्हा त्याला तो रंग वाटतो. खेळायचे नाही म्हणणारी वहिनी आधीच खेळून बसली, असे तो समजतो. ती त्याचा गैरसमज दूर करत नाही. हीच आपली होळी, अशा अर्थाचे ती बोलते आणि कथा संपते. या कथेत दंड येतो तो भावनेच्या अभावामुळे नव्हे. नवऱ्याला आनंद हवा आहे. आपल्या आनंदात बायकोने सामील व्हावे, अशी त्याची अपेक्षा आहे, आणि ती आपली भावना स्वतःकडे ठेवते हाच तिचा अपराध ठरतो. ज्याच्या हाती सत्ता असते त्याला समोरच्याचे केवळ वर्तन पुरत नाही. त्याला तिचा चेहराही आपल्या मनासारखा हवा असतो.

मराठी वाचकाला येथे 'एकच प्याला'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या या नाटकात सुधाकराच्या हातून मूल मरते, सिंधू घायाळ होते, आणि मरतामरता ती नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटी जबानी देते. बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला रडवले. ते रडणे खोटे नव्हते, परंतु कशासाठी होते, हे विचारले पाहिजे. सिंधूच्या खोट्याने प्रेक्षकाच्या मनातील सुधाकर धुऊन निघतो. तिची वाणी त्याच्या सेवेत संपते. करुणाही सत्य सांगत नाही. पण तिचे वाक्य झाकता झाकता उघडे करते. ऐकणाऱ्याला ते कळो न कळो, वाचकाला ते कळते, आणि नवऱ्याची सुटका होत नाही. दोन स्त्रिया, दोघींच्या अंगावर रक्त, दोघींच्या तोंडी असत्य. तरीही एकीचे असत्य सत्तेचे रक्षण करते आणि दुसरीचे तिच्याविरुद्ध साक्ष देते. कलादृष्ट्या गडकऱ्यांची भाषा कितीतरी श्रीमंत आहे. तथापि दुबळ्याच्या हाती भाषेचे कोणते शस्त्र उरते, या प्रश्नाचे उत्तर त्या लहानशा हिंदी कथेत अधिक नेमके मिळते.

दंड नेहमीच हाताने द्यावा लागतो असेही नाही. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० च्या पुस्तकात एका थोर, सौम्य, पत्नीला स्वतः शिकवणाऱ्या पुरुषाचे चित्र आहे, आणि म्हणूनच ते या विचारात मोलाचे आहे. १८७३ साली विवाह झाला तेव्हा न्यायमूर्ती एकतीस वर्षांचे होते, रमाबाई बाल्यावस्थेत. न्यायमूर्ती रागाने बोलत नाहीत; नाराजी मौनातून कळते. नित्याप्रमाणे तळपायाला तूप चोळण्याची सेवा चालू आहे आणि समोरून शब्द येत नाही, असा प्रसंग रमाबाई वर्णन करतात तेव्हा 'गाथासप्तशती'तील ते झोपेचे सोंग आठवते. पण येथे कुस्तीची जोड नाही. एकाचे मौन आणि दुसरीची सेवा, असा हा विषम सामना आहे. रमाबाईंच्या लेखनात तक्रार नाही, आदर ओतप्रोत आहे. परंतु त्या मौनाचा प्रत्येक क्षण त्यांनी इतक्या वर्षांनंतर मोजून ठेवला आहे, हेही त्यांच्या गद्यातून दिसते. ज्याला मौन परवडते तो ते विसरू शकतो; ज्याच्यावर ते येऊन पडते त्याला त्याची लांबी पाठ असते.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' या बाबतीत वेगळ्या वाटेने जाते. टिळकांचा तापट स्वभाव, घरातील गरजेचा विचार न करता देऊन मोकळे होण्याची वृत्ती, १८९५ मधील धर्मांतर आणि त्यातून आलेला दीर्घ वियोग, हे सर्व निर्णय एकाच बाजूने झाले आणि परिणाम दुसऱ्या बाजूने भोगले. लक्ष्मीबाईंनी त्यावर जे उत्तर शोधले ते विनोदाचे. विनोद हे अबोल्याच्या नेमके उलट शस्त्र आहे. अबोला समोरच्याला अंधारात ठेवतो. विनोद त्याला उजेडात आणून उभे करतो आणि त्याच्यावरचे प्रेमही कमी होऊ देत नाही. रमाबाईंनी आणि लक्ष्मीबाईंनी ही पुस्तके पतीच्या निधनानंतर लिहिली, हा योगायोग नव्हे. भांडणातील शेवटचा शब्द त्यांना मिळाला तो वैधव्यात. मराठी स्त्री-आत्मचरित्राच्या समृद्ध परंपरेचे एक मूळ येथे आहे: घरात जे बोलता आले नाही ते कागदावर सोडलेला अबोला म्हणून आले.

समान बळाचा संघर्ष मराठी साहित्यात अजिबात नाही असे नाही. देवलांचे 'संशयकल्लोळ' हे त्याचे प्रसन्न उदाहरण. फाल्गुनराव जितका संशयी, कृत्तिका तितकीच. तो जितका बोलतो तितकीच ती बोलते. मोलिएरपासून इंग्रजीमार्गे आलेल्या या कथानकाने शास्त्रातील ईर्ष्येची एकतर्फी वाटणी मोडली, आणि ती मोडली म्हणूनच प्रहसन शक्य झाले. हसू येण्यासाठी दोघांनाही रागावण्याचा अधिकार असावा लागतो. तो अधिकार एकाच्याच हाती राहिला की तेच कथानक 'बिखरे मोती'तील 'ग्रामीणा' होते: खेड्यातील मोकळेपणात वाढलेली सोना, शहरी पडद्यात आलेली, नवऱ्याच्या संशयाला उत्तर देण्याची भाषाच नसलेली, आणि शेवटी जीव देणारी. संशय तोच, उत्तराची सोय नाही एवढाच फरक. विजय तेंडुलकरांच्या १९८१ च्या 'कमला'त हा प्रश्न नव्या काळात उभा राहिला. सुशिक्षित सरिताला आपल्या संसाराचे स्वरूप कळते ते बाजारातून विकत आणलेल्या एका अडाणी स्त्रीच्या भाबड्या प्रश्नातून: तुला केवढ्याला घेतले? सरिताच्या सुसंस्कृत घरात भांडण नव्हते. ते नव्हते हीच तेथील सत्तेची खूण होती.

या सर्व उदाहरणांतून समीक्षेसाठी एक विचार निघतो, आणि तो केवळ विषयासंबंधी नसून मूल्यासंबंधी आहे. मराठी समीक्षेने दीर्घकाळ 'संयम' हा भावाभिव्यक्तीचा श्रेष्ठ निकष मानला आणि 'भावविवशता' हा दोष. निकष म्हणून तो चुकीचा नाही. पण संयम कोणाला परवडतो, हे त्याने विचारले नाही. न बोलताही ज्याचे म्हणणे घरात ऐकले जाते, त्याची मिताक्षरता ही शैली ठरते. चार वेळा सांगूनही जिचे ऐकले जात नाही, तिचे पाचव्यांदा सांगणे हा अतिरेक ठरतो. 'मानिनि राधे'तील हिंसक मत्सर अनावर वाटतो तो त्याच्या भोवतीची शांतता गृहीत धरल्यामुळे. त्या शांततेची किंमत कोण देत आहे, हे पाहणे हे समाजशास्त्राचे काम म्हणून समीक्षकाला बाजूला सारता येणार नाही. कारण कवितेचा स्वर तिच्यापुढे उभ्या असलेल्या मौनावाचून कळतच नाही.

सुभद्राकुमारी १५ फेब्रुवारी १९४८ रोजी नागपूरहून जबलपूरला परतताना शिवनीजवळ मोटार अपघातात गेल्या. पुढे त्यांची मुलगी सुधा चौहान यांनी 'मिला तेज से तेज' या पुस्तकात आईवडिलांचे चरित्र एकत्र लिहिले. दोघांचे चरित्र एकाच ग्रंथात, हा न्याय त्या सहजीवनाला शोभणारा आहे. पण त्यांच्या काव्याला न्याय द्यायचा तर दोन सुभद्राकुमारी कल्पण्याची प्रथा सोडावी लागेल. चौकातील कविता आणि घरातील कविता एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. परक्या सत्तेपुढे बोलणे धोक्याचे असले तरी तेथे शत्रू ओळखू येतो, घोषणा पाठ असते, शेजारी गर्दी असते. आपल्या माणसाच्या अबोल्यापुढे यांतले काहीच नसते. तेथे जी एकटी बोलायला सुरुवात करते, आणि प्रेमाच्या आधी शब्द मागते, तिचे धैर्य झाशीच्या राणीची गाथा गाणाऱ्या त्याच कवयित्रीचे आहे, हे ओळखण्याइतका आपला कान तयार व्हावयास हवा.